दंडापुरते हेल्मेट, डोक्यापुरते हेल्मेट

२५ मे २०२२ रोजी मुंबई वाहतूक पोलिसांनी एक आदेश काढला. दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घातले पाहिजे, पंधरा दिवसांनंतर कारवाई सुरू होईल, असे त्यात म्हटले होते. कायदा काही नवा नव्हता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ मध्ये चालवणारा आणि बसणारा असे दोघेही पहिल्यापासून होते. पण मुंबईत मागच्या माणसाकडे तोवर कोणी पाहिले नव्हते. त्या पंधरवड्यात लालबागपासून दादर टी.टी.पर्यंत आंबेडकर मार्गाच्या पदपथावर हेल्मेटांच्या राशी दिसू लागल्या. पावसाळ्याच्या तोंडावर छत्र्या विकायला बसतात, तशीच माणसे हेल्मेटे घेऊन बसली होती. तीनशे, साडेतीनशे, घासाघीस केली तर अडीचशे.

गिरगावात आमच्या चाळीतल्या एका शेजाऱ्याने त्यांतलेच एक घेतले. तो रोज सकाळी बायकोला परळला कामावर सोडतो आणि पुढे आपल्या नोकरीवर जातो. त्याचे स्वतःचे हेल्मेट साडेचार हजारांचे, चांगल्या दुकानातून आणलेले. बायकोचे साडेतीनशेचे. मी सहज विचारले, तर म्हणाला, “काका, मागे बसणारीला कशाला भारीतलं? पावती फाटू नये म्हणून घ्यायचं.”

त्याचे बोलणे मला लागून राहिले. तो काही निष्काळजी माणूस नाही. त्याचा हिशेब एवढाच होता की चांगले हेल्मेट महाग असते, आणि घरात एकच चांगले परवडते. हा हिशेब बरोबर आहे का, हे पाहावे म्हणून मी वाचायला लागलो. या विषयावर दोन मते ठामपणे मांडली जातात. एक, जिवापुढे पैसा पाहू नये, महागातले महाग घ्यावे. दुसरे, सगळी हेल्मेटे सारखीच, जास्तीचे पैसे नावाचे. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे आणि दोन्ही मते माणसाला चुकीच्या जागी नेऊन सोडतात.

पडताना काय होते

दुचाकीवरून पडणाऱ्या माणसाला दोन वेगळ्या गोष्टी सोसाव्या लागतात. त्यांची गल्लत होते, म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

पहिली गोष्ट म्हणजे खाली आदळणे. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून कोणतीही वस्तू पडली तर जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २० किलोमीटर होतो. गाडी ताशी ३० ने चालली होती की ६० ने, याने या खाली येण्याच्या वेगात फरक पडत नाही. भिंत, खांब किंवा समोरची गाडी आडवी आली तर गोष्ट निराळी. पण मोकळ्या रस्त्यावर घसरून पडणाऱ्याचे डोके रस्त्यावर आदळते ते या वेगाने.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढे घासत जाणे. इथे मात्र गाडीचा वेग मोजला जातो. ताशी ५० किलोमीटरने चाललेला माणूस पडला, तर कोरड्या रस्त्यावर तो ढोबळ मानाने पंधरा-सोळा मीटर घासत जातो, आणि थांबायला त्याला दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. वेग ८० असेल तर अंतर चाळीस मीटरच्या वर जाते आणि वेळ पावणेचार सेकंदांच्या आसपास.

आदळण्यापासून वाचवण्याचे काम हेल्मेटाचे आणि सांध्यांवरच्या गार्डचे. घासण्यापासून वाचवण्याचे काम कपड्यांचे, हातमोज्यांचे, बुटांचे. स्वस्तात संरक्षण मिळते का, या प्रश्नाची उत्तरे या दोन कामांसाठी वेगवेगळी आहेत.

थर्माकोलची गोष्ट

मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे अरबस्तानातल्या मोहिमेमुळे जगाला माहीत असलेला लॉरेन्स, मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू टाळता आला असता का, या विचाराने त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला आणि १९४१ मध्ये हेल्मेटाचे महत्त्व सांगणारा निबंध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

तोवर हेल्मेट म्हणजे डोक्यावरची कडक टोपी होती. आजच्या हेल्मेटाची कल्पना अमेरिकेतल्या चार्ल्स लोम्बार्ड आणि हर्मन रॉथ यांची. त्यांना १९५३ मध्ये पेटंट मिळाले. बाहेरचे कवच कितीही कडक असले तरी आतले डोके एकदम थांबले तर मेंदू कवटीवर आपटणारच. म्हणून कवचाच्या आत असा एक थर हवा, जो स्वतः चिरडला जाईल आणि डोक्याला थांबायला थोडी जागा देईल, हे त्यांनी ओळखले.

हे ‘थोडी जागा’ प्रकरण आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ताशी २० च्या वेगाने आलेले डोके अडीच मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६०० पट हिसका बसतो. तेच डोके २५ मिलिमीटरमध्ये, म्हणजे एका इंचात, सावकाश थांबले तर हिसका ६० पटीवर येतो. प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो, पण गोष्ट खरी आहे: जीव त्या एका इंचात असतो.

आणि तो इंच कशाचा असतो? थर्माकोलचा. लालबाग-परळच्या माणसाला थर्माकोलची ओळख करून द्यायला नको. २०१८ मध्ये राज्यात बंदी येईपर्यंत गणपतीची मखरे त्याचीच होत. हेल्मेटातला थर्माकोल त्याच जातीचा, फक्त अधिक घट्ट दाबलेला. मखराच्या किंवा खोक्यातल्या थर्माकोलच्या दुपटी-तिपटीने त्याची घनता असते. फार मऊ असेल तर तो लगेच सपाट होतो, फार कडक असेल तर चिरडतच नाही. घनता नेमकी ठेवणे ही कारखान्याची शिस्त आहे. मात्र हा माल काही महाग नाही. हेल्मेटात जो भाग जीव वाचवतो, तो त्यातला सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे.

एकदा चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात आदळलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी संपलेले असते. चोरबाजारातले वापरलेले हेल्मेट घेऊ नये, ते याच कारणाने. त्याने आधी एखादे डोके वाचवले आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही.

वाचून झाल्यावर मी शेजाऱ्याकडून बायकोचे साडेतीनशेचे हेल्मेट मागून घेतले आणि हॅक्सॉने मधोमध कापले. सोबत माझे स्वतःचे जुने, सात-आठ वर्षे वापरलेले, अकराशे रुपयांचे हेल्मेटही कापले. माझ्या हेल्मेटात कपाळापासून मानेपर्यंत सलग, सुमारे तीस मिलिमीटर जाडीचा थर्माकोल निघाला. तिच्या हेल्मेटात टाळूवर बोटभरही जाड नसलेली एक चकती होती. बाजूंना आणि मागे कापडात गुंडाळलेला साधा स्पंज होता, उशीतला असतो तसा. अंगठ्याने दाबला की थेट प्लास्टिकला लागत होता. पट्ट्याची कडी एका खिळ्यावर प्लास्टिकच्या कवचात अडकवलेली होती. मी जोर लावून ओढली तर ती हातात आली.

शेजारी शेजारीच बसून पाहत होता. काही बोलला नाही.

शिक्का

त्या हेल्मेटाच्या मागे आय.एस.आय.चा शिक्का होता. म्हणजे शिक्क्याचे चित्र छापलेला कागद चिकटवलेला होता. खऱ्या शिक्क्याबरोबर दोन गोष्टी लागतात: वर मानकाचा क्रमांक, दुचाकीच्या हेल्मेटासाठी आय.एस. ४१५१, आणि खाली सी.एम./एल. या अक्षरांनंतर उत्पादकाचा परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बी.आय.एस. केअर’ या ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे की रद्द, हे समोर येते. त्या कागदावर क्रमांकच नव्हता.

१ जून २०२१ पासून देशात आय.एस.आय. शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे, विकणे, साठवणे हा गुन्हा आहे. २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने ते ठरले. तरी पदपथावर विक्री चालू आहे, हे सरकारलाही माहीत आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितले की, देशात १७६ उत्पादकांकडे हेल्मेटाचा वैध परवाना आहे, आणि आधीच्या आर्थिक वर्षात ५०० हून अधिक नमुने तपासले गेले. दिल्लीत नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून अधिक हेल्मेटे जप्त झाली. त्यांचे परवाने संपलेले किंवा रद्द झालेले होते. तेव्हा शिक्का पाहणे पुरत नाही, क्रमांक तपासावा लागतो. त्याला दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटे पुरतात.

अजून एक प्रकार रस्त्यावर नेहमी दिसतो. बांधकामावरची पिवळी टोपी घालून लोक गाडी चालवतात. तिलाही आय.एस.आय. शिक्का असू शकतो, पण तो आय.एस. २९२५ चा, वरून पडणाऱ्या वस्तूपासून वाचवण्यासाठीचा. बाजूने आदळणाऱ्या डोक्याशी त्याचा संबंध नाही. शिक्का खरा आणि उपयोग शून्य, असे ते उदाहरण आहे.

वरचे पैसे कशाचे

मग खरा परवाना असलेले, हजार-बाराशे रुपयांचे हेल्मेट आणि दहा हजारांचे हेल्मेट यांत फरक काय? ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २००७ मध्ये ‘शार्प’ नावाची योजना सुरू केली. कायद्याला पास झालेलीच हेल्मेटे ती बाजारातून विकत घेते, कायद्यापेक्षा अधिक ठिकाणी आणि वेगवेगळ्या वेगांनी आदळून पाहते आणि एक ते पाच तारे देते. त्या यादीत स्वस्त हेल्मेटांना चार-पाच तारे मिळालेले दिसतात आणि कितीतरी महाग हेल्मेटांना कमी. किंमत आणि तारे हातात हात घालून चालत नाहीत.

वरचे पैसे मुख्यतः वजन कमी करायला, हवा खेळती ठेवायला, काच चांगली असायला, आतले अस्तर काढून धुता यायला आणि वाऱ्याचा आवाज कमी यायला जातात. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात सिग्नलला थांबलेला माणूस हेल्मेट काढून आरशावर लटकवतो, तेव्हा कमी पडलेली ती हवाच असते. पण ही सोय झाली. आदळण्यापासूनचे संरक्षण हजार-बाराशेला बहुतांशी मिळून गेलेले असते. त्याच्या खाली मात्र ते हळूहळू कमी होत नाही, एकदम नाहीसे होते. साडेतीनशेचे हेल्मेट अकराशेच्या हेल्मेटाच्या एक तृतीयांश संरक्षण देत नाही.

किमतीपेक्षा तीन गोष्टींनी अधिक फरक पडतो. एक, हनुवटी झाकलेली असणे. डिटमार ओटे या जर्मन संशोधकाने अपघातातल्या हेल्मेटांवर मार कुठे बसला हे मोजले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागात निघाले. अर्धे हेल्मेट तो भाग उघडा सोडते. दोन, माप. दोन्ही हातांनी हेल्मेट फिरवले तर गालाची कातडी सोबत फिरली पाहिजे. नुसते हेल्मेटच फिरत असेल तर ते मोठे आहे. तीन, पट्टा. न लावलेल्या पट्ट्याचे हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचते. या तिन्ही गोष्टींना फार पैसे पडत नाहीत.

आणि एवढ्याने किती साधते? जगभरातल्या अभ्यासांचा २००८ मध्ये कोक्रेन संस्थेसाठी आढावा घेतला गेला. हेल्मेटाने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

गिरणगावातला कपडा

घासण्यापासून वाचवणाऱ्या कपड्यांची गोष्ट याच्या उलट आहे. इथे स्वस्तावर सहज विश्वास ठेवता येत नाही, कारण आपल्याकडे मोटारसायकलच्या जॅकेटला, पँटला, हातमोज्यांना हेल्मेटासारखे सक्तीचे मानकच नाही. कोणीही काळ्या कापडाला कोपरावर फोमचा तुकडा लावून ‘रायडिंग जॅकेट’ म्हणून विकू शकतो.

ज्या परळ-लालबागमध्ये घराघरात कोणीतरी साच्यावर होते, तिथे कापडाची पारख नवी नाही. आपल्याकडे सुताचा काउंट बोलला जाई: एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात. आकडा मोठा म्हणजे सूत बारीक. नायलॉन-पॉलिस्टरला डेनिअर वापरतात: नऊ हजार मीटर धाग्याचे वजन किती ग्रॅम. इथे आकडा मोठा म्हणजे धागा जाड. चांगल्या जॅकेटच्या खांद्या-कोपरावर ५०० किंवा त्याहून अधिक डेनिअरचे नायलॉन असते. पण विक्रेता नुसता आकडा सांगतो, तेव्हा तो नायलॉनचा की पॉलिस्टरचा, पूर्ण जॅकेटचा की दोन ठिगळांचा, हे विचारायला हवे. शिवणही पाहावी. कापड टिकले आणि एकेरी शिवण उसवली तर उपयोग काय?

साधी जीन्स रस्त्यावर घासताना एक सेकंदही टिकत नाही, आणि ताशी ५० ला पडणारा माणूस दोन सेकंदांहून अधिक घासतो, हे वर आलेच आहे. २००२ च्या युरोपीय मानकात सर्वाधिक घासल्या जाणाऱ्या भागांसाठी किमान चार सेकंदांची अट होती. २०२० च्या नव्या मानकात, ई.एन. १७०९२ मध्ये, कपड्यांचे वर्ग केले आहेत. त्यातला ‘ए’ वर्ग शहरी वापराचा. त्याच्या सर्वांत धोक्याच्या भागांची चाचणी ताशी ४५ किलोमीटरच्या घसरणीइतकी असते. ‘डबल ए’साठी ७०, ‘ट्रिपल ए’साठी १२०. हातातल्या जॅकेटच्या आतल्या पट्टीवर हा क्रमांक आणि वर्ग लिहिला आहे का, हे पाहणे एवढेच आपल्या हाती आहे. पुष्कळदा नुसत्या गार्डवर ‘सी.ई.’ लिहिलेले असते आणि संपूर्ण जॅकेट तपासलेले आहे असे भासवले जाते. ते खरे नसते.

धारावीत चामड्याची जॅकेटे स्वस्त मिळतात, आणि चामडे घासण्याला चांगले, हेही खरे. पण मिरवायच्या जॅकेटचे चामडे मऊ आणि पातळ असते. गाडीसाठी लागणारे एक मिलिमीटरहून जाड असावे लागते. बोटांनी चिमटा घेतला की फरक कळतो.

महागाचाही इथे फार दिमाख नको. ऑस्ट्रेलियात लिझ दे रोम आणि सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ स्वारांचे कपडे आणि जखमा तपासल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, मोटारसायकलसाठी म्हणून विकलेल्या जॅकेटांपैकी जवळजवळ तीस टक्के आणि हातमोज्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा अपघातात फाटले होते. पण असे कपडे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता तरीही कमी होती. हातमोजे घालणाऱ्यांत तर ती निम्म्याहून कमी होती. दखल घ्यावी अशी गोष्ट ही: सर्वांत स्वस्त वस्तूने सर्वांत मोठा फरक पाडला. पडणारा माणूस आधी हात टेकतो. तळवे सोलले गेले की महिनाभर त्याला भाकरी मोडता येत नाही, आणि जो घरोघर डबे-पार्सले पोचवून रोजचे कमावतो, त्याचा महिनाच बुडतो.

आपल्या शहराचा विचार केला तर आणखी एक दिलासा आहे. सी लिंक, ईस्टर्न फ्री वे, अटल सेतू, कोस्टल रोड, जे.जे. उड्डाणपूल, या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. वेगाचे रस्ते मोटारींचे, दुचाकीला खालची गर्दी. लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० अपघातांचा हॅरी हर्ट यांनी केलेला अभ्यास १९८१ मध्ये आला. त्यात मोकळ्या रस्त्यांच्या त्या शहरातही निम्मे अपघात ताशी ३५ किलोमीटरच्या आतल्या वेगाने घडलेले होते. म्हणजे रोजच्या गिरगाव-परळ प्रवासाला शर्यतीतला पोशाख लागत नाही. पुरेसे जाड हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि गुडघ्याला बांधायचे गार्ड यांनी बरेच काम होते. गणपतीला कोकणात गाडीने जाणाऱ्यांनी मात्र ताशी ८० चा हिशेब पुन्हा वाचावा. तिथे टीशर्ट आणि चपला चालत नाहीत.

मागची सीट

आता शेजाऱ्याच्या हिशेबाकडे येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा अपघाती मृत्यू झाला. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. पोलिसांच्या नोंदीत डोक्यावर हेल्मेट आहे की नाही एवढेच येते. त्यात थर्माकोल होता की स्पंज, हे येत नाही.

मागे बसणारी व्यक्ती बहुधा बायको, आई किंवा मूल असते. तिच्या हातात धरायला हँडल नसते. ब्रेक कधी लागणार हे तिला आधी कळत नाही, आणि साडी सावरत एका बाजूला बसलेली असेल तर तोल आधीच अर्धा गेलेला असतो. पडण्याची तयारी चालवणाऱ्यापेक्षा तिची कमी असते. तिच्या हेल्मेटात काही कमी ठेवावे असे एकही कारण मला सापडले नाही.

शेजाऱ्याने दोन हेल्मेटांवर मिळून ४,८५० रुपये खर्च केले होते. तेवढ्यात परवाना तपासून घेतलेली, हनुवटी झाकणारी, मापाची दोन हेल्मेटे आली असती, आणि उरलेल्या अडीच हजारांत दोघांचे हातमोजे व गुडघ्यांचे गार्ड. घरातले एक डोके साडेचार हजारांचे आणि एक साडेतीनशेचे करण्याऐवजी दोन्ही अकराशे-बाराशेची केली असती, तर त्याच्या संरक्षणात फारसा फरक पडला नसता आणि तिला ते शून्यातून मिळाले असते. मी त्याला हे असेच सांगितले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे दुकानात गेलो. दुकानदाराने आधी फुलाफुलांची अर्धी हेल्मेटे काढली. “लेडीजसाठी हीच चालतात,” म्हणाला. शेजाऱ्याने ती परत ठेवायला लावली. वहिनींनी सहा घालून पाहिली. अंबाडा होता म्हणून पहिली पाच बसेनात. शेवटी त्यांनी तिथेच केस सोडून खाली वेणी घातली आणि सहावे चढवले. मी फिरवून पाहिले, गाल सोबत फिरले. शेजाऱ्याने ॲपमध्ये क्रमांक टाकला, परवाना चालू होता. साडेअकराशे झाले.

बाहेर आल्यावर वहिनींनी पट्टा लावला आणि मला विचारले, “भावजी, ते कापलेलं अजून आहे ना तुमच्याकडे? मला उद्या कामावर न्यायचंय. आमच्याकडे सगळ्या जणी तसलंच घालून येतात.”

मी दोन्ही अर्धुके पिशवीत घालून दिली. ती अजून परत आलेली नाहीत.